पाणी उडते, मीठ राहते : प्रस्तावना

गेवराईपासून समुद्र सरळ रेषेत सुमारे तीनशे किलोमीटर दूर आहे. तालुक्याच्या उत्तर अंगाने गोदावरी वाहते, नाथसागर जलाशयातून निघालेला पैठणचा उजवा कालवा तालुक्यातून पुढे माजलगावकडे जातो, आणि तरीही उन्हाळा लागला की नळाला पाणी कधी येणार हीच घरोघरची चौकशी असते. अशा गावात बसून खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयावर पुस्तक लिहिणाऱ्याला लोक आधी हसणार, हे गृहीत धरूनच मी लिहायला घेतले. गप्पी आणि गोल्डफिश पाळणारी घरे गावोगाव सापडतात. समुद्रातला मासा पाळायचा तर त्याचा समुद्रही आपल्यालाच घरात करावा लागतो. तो करणे एका दिवसाचे काम आहे. टिकवणे दर आठवड्याचे. हे पुस्तक त्या दर आठवड्याच्या कामाबद्दल आहे : पाणी बदलणे आणि काच साफ करणे.

या विषयाचे मूळ सूत्र मात्र गेवराईच्या शेतकऱ्याला मत्स्यालय न पाहताही ठाऊक असते. काळ्या जमिनीला बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे देत राहिले, निचरा नीट झाला नाही, की ती जमीन हळूहळू खारवट होते, पुढे चोपण होते. पाण्याबरोबर क्षार येतात. उन्हाने पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. काचेच्या टाकीत हेच घडते, फक्त वर्षांऐवजी दिवसांत. टाकीतून आपोआप बाहेर जाते ते फक्त शुद्ध पाणी. मीठ, माशांची विष्ठा, उरलेले खाद्य, त्यातून तयार झालेले नायट्रेट, आपण वरून ओतलेल्या पाण्यातले क्षार, यांतले काहीही आपल्या पायाने बाहेर जात नाही. ते काढावे लागते. पुढच्या सगळ्या प्रकरणांत जे काही सांगितले आहे, ते या एका गोष्टीतून निघते.

समुद्रापासून दूर राहून समुद्र सांभाळण्याची खटपट आजची नाही. १८४६ साली ॲना थिन या बाईंनी इंग्लंडच्या टॉर्की किनाऱ्यावरून काही जिवंत प्रवाळ लंडनला घरी नेले. सोबतचे समुद्राचे पाणी थोडे होते आणि रोज नवे आणण्याची सोय नव्हती. तेव्हा तेच पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहायचे, म्हणजे त्यात हवा मिसळते, अशी युक्ती त्यांनी काढली. रोज अर्धा-पाऊण तास हे ओतण्याचे काम त्यांची मोलकरीण करी. मत्स्यालयाच्या इतिहासात थिनबाईंचे नाव राहिले; प्रवाळ जगवले ते मोलकरणीच्या हातांनी, आणि तिचे नाव कुणी लिहून ठेवले नाही. पुढे १८५३मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडले. १८५४मध्ये फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाने चार क्षार मिसळून कृत्रिम समुद्रजल करण्याची कृती प्रसिद्ध केली. १८७१च्या क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयात विल्यम आल्फर्ड लॉइड यांनी दर्शनी टाक्यांपेक्षा कितीतरी मोठा हौद अंधाऱ्या तळघरात बांधला आणि पाणी त्यातून फिरते ठेवले. अंधारात शेवाळाला वाढता येत नाही आणि भरपूर पाण्यात घाण विरळ होते, ही दोन्ही तत्त्वे आजही खरी आहेत.

आपल्याकडे मराठी माणसाने समुद्री मासा काचेआड पाहिला तो बहुधा मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात. १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ते मरीन ड्राइव्हवर सुरू झाले, आणि नूतनीकरणानंतर २०१५मध्ये पुन्हा उघडले तेव्हा त्यात ॲक्रिलिकचा बोगदा आला होता. शाळेच्या सहलीतून तिथे गेलेली मराठवाड्यातली मुले आज चाळिशी-पन्नाशीची आहेत. रत्नागिरीला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्रातही मत्स्यालय आहे. ही दोन्ही ठिकाणे समुद्राच्या अगदी शेजारची. गेवराईकराची गाठ थिनबाईंच्या लंडनशी अधिक जवळून पडते : समुद्र लांब आहे, पाणी मोजके आहे, आणि टाकी चालते ती नेमाने राबणाऱ्या हातांवर.

समुद्राचे पाणी म्हणजे काय

सगळ्यांत आधी विचारला जाणारा प्रश्न असा, की खारे पाणीच हवे असेल तर किराणा दुकानातले मीठ का चालत नाही. एक किलो समुद्रजलात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांतला ८५ टक्क्यांच्या आसपास भाग सोडियम आणि क्लोराइड, म्हणजे आपले मीठ, हे खरे. उरलेल्या भागात सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट आणि आणखी बरेच काही अल्प प्रमाणात असते, आणि माशांचे व इतर समुद्री जीवांचे शरीर त्या सगळ्या मिश्रणावर चालते. नुसत्या मिठाचे पाणी चवीला समुद्रासारखे लागेल, पण त्याचा पीएच टिकणार नाही आणि त्यात कोळंबी कात टाकू शकणार नाही. खारट असणे आणि समुद्राचे असणे वेगळे, याचे आपल्याकडचे ढळढळीत उदाहरण लोणारचे आहे. लोणार सरोवराचे पाणी खारे आहे, पण त्याचा पीएच दहाच्या आसपास जातो, समुद्राचा ८.१ ते ८.३ असतो. समुद्री मासा लोणारच्या पाण्यात जगणार नाही. म्हणून मत्स्यालयासाठी बनवलेले समुद्री मीठच घ्यावे. ते ओल धरते, त्यामुळे लिटरला नेमके ३५ ग्रॅम मोजून भागत नाही, थोडे जास्त लागते. शेवटचा निकाल वजनकाट्याने नव्हे, खारेपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरने द्यायचा. २५ अंश सेल्सिअसला विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६ आले की पाणी समुद्राइतके खारे झाले.

हे मीठ कशा पाण्यात मिसळायचे, हा गेवराईत मिठापेक्षा मोठा प्रश्न आहे. आपले बोअर काळ्या पाषाणात, म्हणजे दख्खनच्या बेसॉल्टमध्ये गेलेले. त्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट आणि सिलिका भरपूर, शिवाय आजूबाजूच्या शेतांतल्या खतांचे नायट्रेट उतरलेले असू शकते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. एकूण विरघळलेल्या क्षारांची, म्हणजे टीडीएसची, स्वीकार्य मर्यादा ५०० आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २०००पर्यंत मुभा आहे. माणसाला चालणारे पाणी टाकीला चालेलच असे नाही. ज्या पाण्यात आधीच ४० मिलिग्रॅम नायट्रेट आहे, ते घालून टाकीतले नायट्रेट कमी करायला निघणे म्हणजे कष्ट वाया.

म्हणून आरओचे पाणी. पण इथेही एक खोच आहे. घरातल्या आरओ यंत्रात चव येण्यासाठी थोडे मूळ पाणी परत मिसळण्याची किंवा खनिजे घालण्याची सोय असते, त्यामुळे नळीतून येणाऱ्या पाण्याचा टीडीएस शून्य नसतो. विकत मिळणाऱ्या वीस लिटरच्या जारचेही तेच. खिशात मावणारा टीडीएस मीटर घ्यावा आणि दर वेळी मोजावे. मिसळणीची चावी बंद करून, शक्य असल्यास पुढे उरलेसुरले क्षार शोषणारे डीआयचे एक भांडे जोडून आकडा शून्याजवळ आणावा. पावसाचे पाणीही उत्तम असते. मात्र पहिल्या एक-दोन सरी वाहून जाऊ द्याव्यात आणि नंतरचे पाणी स्वच्छ प्लॅस्टिकच्या ताडपत्रीवर धरावे. पत्र्यावरून आलेल्या पाण्यात जस्त उतरते, स्लॅबवरून आलेल्यात चुना.

भर घालणे आणि बदलणे

या पुस्तकातला कोणताही एकच परिच्छेद लक्षात राहणार असेल तर तो हा असावा. टाकीतले पाणी उडून पातळी खाली आली तर भर घालायची ती गोड्या पाण्याची, म्हणजे शून्य टीडीएसच्या पाण्याची. पाणी काढून बदलायचे तेव्हा नवे घालायचे ते खारे. ही दोन कामे ज्याने एक समजली त्याची टाकी बिघडली.

शंभर लिटरची टाकी घेऊ. क्षारता लिटरला ३५ ग्रॅम, म्हणजे टाकीत साडेतीन किलो मीठ. पाच लिटर पाणी उडाले, तरी साडेतीन किलो मीठ जागेवरच आहे, फक्त आता ९५ लिटरांत. क्षारता ३६.८ झाली. दहा लिटर उडाले तर ३८.९. आता कुणी ती दहा लिटरांची तूट खाऱ्या पाण्याने भरली, तर ३५० ग्रॅम मीठ वाढले आणि पुढच्या आठवड्यात आणखी तेवढेच. एप्रिल-मेमध्ये, चाळीस अंशांच्या कोरड्या हवेत, गेवराईतली टाकी मुंबईतल्या टाकीपेक्षा कितीतरी वेगाने आटते. मुंबईच्या दमट हवेला धरून लिहिलेले वेळापत्रक इथे उपयोगाचे नाही. काचेवर बाहेरून पातळीची एक रेघ आखावी आणि रोज सकाळी पाणी तिथपर्यंत आणावे. आठवड्यातून एकदा एकदम दहा लिटर ओतण्यापेक्षा रोज दीड-दोन लिटर बरे, कारण माशाला खारेपण किती आहे यापेक्षा ते किती झपाट्याने बदलते याचा त्रास जास्त होतो.

आणि भरीचे पाणी बोअरचे असले तर? टीडीएस १००० धरा. रोज दोन लिटर म्हणजे रोज दोन ग्रॅम क्षार, वर्षाला सुमारे पाऊण किलो. तेही समुद्राच्या प्रमाणातले नव्हेत, आपल्या खडकाच्या आणि खतांच्या प्रमाणातले. चोपण जमीन अशीच होते.

किती बदलायचे, किती वेळा

माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया निघतो. वाळूत आणि दगडांत वस्ती केलेले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट. पहिली दोन्ही विषारी. नायट्रेट त्या मानाने सौम्य, पण साचत जाणारे. साध्या घरगुती टाकीत त्याला बाहेरचा मुख्य रस्ता पाणी बदलण्याचाच.

समजा, टाकीत आठवड्याला लिटरमागे ४ मिलिग्रॅम नायट्रेट वाढते. काहीच केले नाही तर वर्षअखेर आकडा २०० ओलांडेल. दर आठवड्याला दहावा भाग पाणी बदलले तर तो चढत चढत ४०शी येऊन थांबतो. पाचवा भाग बदलला तर २०शी. गणित सोपे आहे : आठवड्याची वाढ भागिले बदललेला हिस्सा. त्यातून दोन गोष्टी निघतात. दर रविवारी नेमाने पाणी बदलूनही आकडा ४०च्या खाली येत नाही म्हणून गोंधळणाऱ्याने समजावे की गणित ठरल्याप्रमाणेच चालले आहे, चूक त्याच्या मेहनतीत नाही. दुसरी जास्त महत्त्वाची. ४०चा २० करायचा तर दुप्पट पाणी बदलता येते, किंवा खाद्य निम्मे करून वाढच ४वरून २वर आणता येते. परिणाम तोच. ज्या गावात पाणी टँकरच्या भावाने घ्यावे लागते तिथे दुसरा मार्ग शहाणपणाचा. बहुतेक नवखे लोक माशाला पोटापेक्षा जास्त घालतात. दोन मिनिटांत संपेल तेवढेच घालायला शिकणे ही पाण्याची सर्वांत मोठी बचत आहे.

महिन्यातून एकदाच ४० टक्के बदलले तर चार वेळा दहा-दहा टक्के बदलल्यासारखेच झाले ना, असेही विचारतात. तंतोतंत तसे होत नाही. चार वेळा दहा टक्के बदलून जुन्या पाण्याचा ३४ टक्के भाग जातो, कारण दुसऱ्या वेळी बाहेर येणाऱ्या पाण्यात पहिल्या वेळचे थोडे नवेही असते. कागदावर मोठा बदल थोडा किफायतशीर दिसतो. पण महिन्याच्या बदलात नायट्रेट ४०वरून एकदम २४वर उतरते आणि पुन्हा चढते, आणि नव्या पाण्याच्या क्षारतेत किंवा तापमानात काही चूक असली तर ती ४० टक्क्यांची चूक होते. दहा टक्क्यांची चूक मासा सहन करतो. कालव्याला आवर्तन वेळेवर सुटले तर थोड्या पाण्यावरही पीक निघते आणि लांबले तर मागून सोडलेल्या भरपूर पाण्याने ते उभे राहत नाही. टाकीचे आवर्तन त्याच शिस्तीने सांभाळावे.

प्रत्यक्ष कृती तिसऱ्या प्रकरणात पायरीपायरीने दिली आहे. इथे गेवराईच्या घरांपुरत्या तीन सूचना पुरेत. पहिली : पाणी तांब्याच्या किंवा पितळेच्या भांड्यात ठेवू नये. आपल्याकडे तांब्याचा हंडा शुद्धतेची खूण मानतात, पण विरघळलेले तांबे कोळंबी, गोगलगाय आणि इतर अपृष्ठवंशी जीवांना अगदी थोड्या मात्रेतही मारक आहे, आणि खारे पाणी तांब्याला लवकर खाते. खाण्याचे पदार्थ ठेवण्यायोग्य प्लॅस्टिकची बादली वापरावी आणि ती दुसऱ्या कशासाठीही वापरू नये. दुसरी : कपाशीवर फवारणी करून आलेल्या माणसाने, आंघोळ केली असली तरी, त्या दिवशी टाकीत हात घालू नये. कीटकनाशक किड्यांसाठी बनवलेले असते आणि कोळंबी ही किड्यांची नातेवाईक आहे. तिसरी : मीठ पाण्यात टाकावे, मिठावर पाणी ओतू नये, आणि छोट्या पंपाने रात्रभर फिरू द्यावे. थोड्या पाण्यात एकदम सगळे मीठ पडले तर कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा गाळ बसतो आणि पाणी आपल्या समुद्रापासून दूर जाते.

काच

पाहुण्याला टाकी दिसते ती काचेतून, म्हणून काच पुसणे हे शोभेचे काम समजले जाते. पाळणाऱ्याने ते तपासणीचे काम समजावे. काचेवर काय बसते आणि किती दिवसांत बसते, हा पाण्याचा अहवाल असतो, तोही चाचणीच्या बाटल्यांहून स्वस्त.

नव्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत तपकिरी पावडरीसारखा थर येतो. ते डायटम नावाचे सूक्ष्म शेवाळ, त्याचे कवच सिलिकाचे असते, आणि बेसॉल्टमधून आलेल्या पाण्यात सिलिका असतेच. थर आपोआप ओसरला तर ठीक. महिनोन्‌महिने येत राहिला तर भरीच्या पाण्याचा टीडीएस तपासावा, आरओचा पडदा थकला असेल. हिरवी पातळ साय रोजच्या प्रकाशाची आणि खाद्याची खूण आहे. आठवड्यातून दोनदा पुसून भागत असेल तर चिंता नको. रोज पुसावी लागत असेल तर काच पुसत बसण्यापेक्षा खाद्य आणि दिव्याचे तास कमी करावेत. टाकी पूर्वेच्या किंवा पश्चिमेच्या खिडकीसमोर ठेवली असेल तर उन्हाळ्यात शेवाळ आणि तापमान दोन्ही हाताबाहेर जातात. जांभळट, कडक ठिपके हे चुन्याचे कवच करणारे कोरलाइन शेवाळ. ते आले म्हणजे पाण्यात कॅल्शियम आणि क्षारधर्मिता ठीक आहे. दर्शनी काचेवरून खरवडावे, मागच्या काचेवर राहू द्यावे.

साफसफाईचे साहित्य साधे आहे : मॅग्नेट क्लीनर, जुने प्लॅस्टिकचे कार्ड, आणि कडक ठिपक्यांसाठी ब्लेड. टाकी ॲक्रिलिकची असेल तर ब्लेडला हात लावू नये. काचेच्या टाकीतही कोपऱ्यांच्या सिलिकॉनपासून ब्लेड दोन बोटे लांब ठेवावे. तिथे बसलेली एक चीर टाकी गळायला पुरते. काचेला ओरखडे पडतात ते सहसा ब्लेडने नव्हे, मॅग्नेटखाली अडकलेल्या वाळूच्या कणाने. क्वार्ट्‌झचा कण काचेपेक्षा कठीण असतो, अरागोनाइटची प्रवाळी वाळू काचेपेक्षा मऊ. म्हणून वाळूच्या थरापासून चार बोटे वरपर्यंतच मॅग्नेट चालवावा आणि खालच्या पट्ट्यासाठी कार्ड घ्यावे. राक्षसभुवनाजवळची गोदेची वाळू कितीही सुंदर दिसली तरी टाकीत घालू नये. तिच्यात काच खरवडणारे कठीण कण असतात, काळ्या खडकातले लोहयुक्त कण मॅग्नेटला चिकटतात, आणि नदीतून विनापरवाना वाळू उपसणे हा वेगळाच गुन्हा आहे.

साबण, भांड्यांची पावडर, काच चमकवायचा फवारा यांतले काहीही टाकीजवळ नको. त्या फवाऱ्यांत बऱ्याचदा अमोनियाच असतो. बाहेरची काच गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसावी. झाकणावर, वायरीवर, पंपाच्या दोरीवर पांढरे मीठ चढत जाते, तेही त्याच फडक्याने काढावे. वायर प्लगपर्यंत सरळ न नेता मध्ये खाली झोळ द्यावा, म्हणजे ओघळलेले पाणी झोळाच्या तळाशी टपकते, सॉकेटमध्ये शिरत नाही. क्रमही महत्त्वाचा : आधी काच खरवडायची, मग दहा मिनिटे थांबायचे, मग खाली बसलेली घाण सायफनने ओढत पाणी काढायचे. उलट क्रमाने केले तर खरवडलेले शेवाळ टाकीतच कुजते आणि ज्या नायट्रेटसाठी पाणी बदलले तेच परत तयार होते.

काढलेल्या पाण्याचे काय

मत्स्यालयाच्या पुस्तकांत नव्या पाण्यावर पानेच्या पाने असतात आणि जुन्या पाण्यावर एक ओळही नसते. समुद्रकाठच्या वाचकाला ती लागत नाही. आपल्याला लागते. आठवड्याला दहा लिटर म्हणजे वर्षाला ५२० लिटर खारे पाणी, आणि त्यात अठरा किलो मीठ. गोड्या पाण्याच्या टाकीतले पाणी झाडांना उत्तम खत असते, त्या सवयीने कुणी हे पाणी अंगणातल्या कढीपत्त्याला किंवा तुळशीला घातले तर झाड जाईल आणि मागे चोपण माती राहील. शोषखड्ड्यात, विहिरीजवळ किंवा बोअरच्या पुनर्भरणाच्या खड्ड्यात तर ते मुळीच सोडू नये. बंद गटार असेल तर घरातल्या इतर सांडपाण्याबरोबर विरळ करून सोडावे. गटार नसेल तर गेवराईचे ऊन कामाला लावावे : गच्चीवर रुंद प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये पाणी आटू द्यावे आणि उरलेले मीठ कोरड्या कचऱ्यात टाकावे. उन्हाळ्यात दहा लिटरांना फार दिवस लागत नाहीत.

पाणी, ऊन, वीज

बीड जिल्ह्यात अशी हौस करावी का, हा प्रश्न टाळून पुढे जाणे बरे नाही. जिल्ह्याची पावसाची सरासरी साडेसहाशे मिलिमीटरांच्या घरातली, तीही लहरी. २०१६च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. तेव्हा हिशोब उघड मांडावा. शंभर लिटरच्या टाकीला आठवड्याला दहा लिटर बदल आणि सुमारे चौदा लिटर भर, एकूण चोवीस लिटर शुद्ध पाणी. आरओने त्याच्या दुप्पट पाणी बाजूला टाकले तर एकूण ७२ लिटर. जलजीवन मिशनने ग्रामीण माणसाला दिवसाला ५५ लिटरांचे माप ठरवले आहे. म्हणजे टाकीचा आठवडा हा एका माणसाच्या सव्वा दिवसाच्या पाण्याइतका. बाजूला पडलेल्या ४८ लिटरांनी फरशी पुसली, संडासात वापरले, तर खरा खर्च चोवीस लिटरांवर येतो. हा आकडा मला परवडणारा वाटतो. तीनशे लिटरच्या टाकीचा वाटत नाही, म्हणून या पुस्तकात शंभर लिटरांपुढे मी गेलो नाही. मोठी टाकी स्थिर राहते हे खरे. पण इथे पाण्याची मर्यादा आधी येते.

उन्हाळ्याची दुसरी अडचण प्राणवायूची. २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरला सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, समुद्रजलात पावणेसातच. तापमान वाढले की तो आणखी घटतो. त्यात वीज गेली आणि पंप बंद पडला तर तासन्‌तास स्वस्थ बसून चालत नाही. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप ही पहिली खरेदी असावी, रंगीत दिवा नंतर. पाण्याच्या पृष्ठावर पंखा सोडला तर तापमान दोन-तीन अंशांनी उतरते, कारण पाणी उडताना उष्णता घेऊन जाते; पण मग भर वाढते, आणि पुन्हा आपण मूळ सूत्राशी येतो.

कायद्याबद्दल एवढेच. खडकासारखे कवच करणारे प्रवाळ आणि समुद्रघोडे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आहेत. मालवणला सहलीला जाऊन प्रवाळाचा तुकडा किंवा किनाऱ्याचा खडक पिशवीत घालून आणणे गुन्हा आहे. या पुस्तकात कोरडे दगड, अरागोनाइट वाळू आणि मोजके मासे एवढेच धरले आहे. क्लाउनफिशची पैदास बंदिस्त टाकीत करण्याचे तंत्र केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने आपल्याकडे विकसित केले आहे. समुद्रातून पकडलेल्या माशापेक्षा असा टाकीत जन्मलेला मासा मागावा. तो काचेला आणि हाताने दिलेल्या खाद्याला सरावलेला असतो.

पुस्तक कसे वाचावे

पहिली दोन प्रकरणे पाणी आणि मीठ यांबद्दल आहेत, तिसरे बदलाच्या कृतीबद्दल, चौथे काचेबद्दल, पाचवे उन्हाळा आणि वीज यांबद्दल. शेवटी वर्षभराच्या नोंदींचे कोरे तक्ते दिले आहेत : तारीख, क्षारता, तापमान, घातलेली भर, बदललेले पाणी, काच किती दिवसांनी पुसली. वाचणारा घाईत असेल तर त्याने चौथे प्रकरण सोडले तरी चालेल. तक्ते सोडू नयेत. टाकी बिघडते ती एका रात्रीत बिघडल्यासारखी वाटते, पण तक्ता पाहिला की तीन आठवड्यांपूर्वीच क्षारता चढायला लागलेली दिसते.

आणखी एक विनंती. दगड, वाळू आणि खारे पाणी घालून टाकी चालू केली की जिवाणूंची वस्ती बसायला एरवीही महिना-दीड महिना जातो. तो काळ एप्रिलमध्ये येईल असा बेत करा. मासा नाही, पण काम सगळे करा : रोज सकाळी भर, दर रविवारी काच आणि दहा लिटर, लग्नसराई असली तरी, वीज गेली तरी, नळाला आठ दिवस पाणी आले नाही तरी. महिनाभर तक्त्यातली क्षारता ३४ ते ३६च्या आत राहिली, तर मासा आणायला हरकत नाही. राहिली नाही, तर टाकी विकून टाका. नुकसान काचेचे आणि मिठाचे झाले, जीव कुणाचा गेला नाही.

गेवराई, जि. बीड